थंडोबाचा हात

आमच्या गल्लीत माझं नाव रेडिओ. सकाळी शटर वर गेलं की सुरू, संध्याकाळी शटर खाली आलं की बंद, आणि मध्ये जाहिरातीसुद्धा नाहीत. मी गाड्यांच्या सीट शिवते. नवरा होता तेव्हा तो शिवायचा आणि मी बोलायचे. तो गेल्यावर दोन्ही कामं माझ्याच गळ्यात पडली. माझ्या जिभेला हाड नाही हे मला कुणी सांगायला नको, मला माहीत आहे. पण आयुष्यात एकदा, ऐन बोलायच्या वेळी, मी मूग गिळून गप्प बसले. त्याचं हे सांगते आहे.

माझ्या दुकानाला लागून एक पत्र्याची शेड होती. तिथे गाड्यांच्या एसीचं काम चालायचं. शेडवाले माझ्या नवऱ्याचे जिवाभावाचे दोस्त, म्हणून माझे भाऊजी. गल्ली त्यांना थंडोबा म्हणायची. एक तर धंदा थंडीचा, आणि दुसरं म्हणजे माणूसच असा, की शेजारी आग लागली तरी आधी चष्मा पुसून घेईल. एखादा गाडीवाला घामानं निथळत, शिव्या देत यायचा, आणि भाऊजी म्हणायचे, "बसा. पाणी प्या. गाडी कुठे पळून चालली नाही." मला तर कधीकधी वाटायचं, या माणसाच्या अंगात रक्ताऐवजी तोच एसीचा गॅस फिरतोय.

पण काम? अहो, कामाला तोड नव्हती. मेन रोडवर ते काचेच्या भिंतींचं नवं गॅरेज झालं, त्याच्या आधीपासून लोक शहराच्या दुसऱ्या टोकाहून भाऊजींकडे यायचे. त्यांचा नियम एकच: स्वस्त रोग आधी शोधायचा. एसी थंड करत नाही म्हटलं की बाकीचे मेकॅनिक पहिल्यांदा कंप्रेसरकडे बोट दाखवतात. कंप्रेसर म्हणजे एसीचं काळीज. ते बदलायचं म्हणजे गाडीवाल्याचं कंबरडं मोडलंच. भाऊजी आधी फ्यूज बघायचे, मग पुढचा पंखा फिरतो का ते, मग जाळीत अडकलेली माती, मग आतला फिल्टर. गॅस कमी असेल तर नुसता भरून कधीच द्यायचे नाहीत. "भोक न बुजवता बादली भरणारा मी नव्हे," म्हणायचे, आणि साबणाचा फेस लावून गळती शोधत बसायचे. पाइपाच्या सांध्यातली बोटाएवढी रबरी रिंग बदलली की काम फत्ते. एकदा एक शिक्षिकाबाई रडवेली होऊन आली होती, कुणीतरी तिला कंप्रेसर गेल्याचं सांगितलं होतं. भाऊजींनी फिल्टरचं झाकण उघडलं, आतून उंदराचं अख्खं घर काढलं, चिंध्या, कागद, शेंगांची टरफलं, आणि बाईला म्हणाले, "भाडेकरू ठेवला होता तुम्ही, भाडं तरी घ्यायचं." सुंठीवाचून खोकला गेला. बाई हसत हसत घरी गेली. तीस वर्षांत त्यांनी बदललेले कंप्रेसर हाताच्या बोटांवर मोजावेत इतके, आणि त्यातला प्रत्येक गिऱ्हाईकासमोर फोडून दाखवलेला, हे बघा, आतून खरंच झिजलाय.

आणि हे सगळं ते हातानं ओळखायचे. बोनेट वर, इंजिन चालू, एसी चालू, आणि भाऊजींचे दोन्ही हात आत. एसीला दोन पाइप असतात, एक बारीक, एक जाड. मशीन धडधाकट असेल तर बारीक पाइप गरम लागतो आणि जाड पाइप गार. जाड पाइप गार असूनही गाडीत गरम वारा येत असेल तर मशीनला दोष नाही. बिघाड आत, डॅशबोर्डमागे, एखाद्या झडपेत. दोन्ही पाइप सारखेच कोमट लागले तर मात्र कंप्रेसर दमला. इतकं तर त्यांच्या शेजारी वीस वर्षं बसून मलाही पाठ झालं होतं. भाऊजींना त्याच्यापुढचंही कळायचं. गॅस पाव कमी आहे की अर्धा, हे बोटं सांगायची. कुणी म्हटलं, मीटर लावा की, तर म्हणायचे, "हातच्या कांकणाला आरसा कशाला?" गॅसचा दाब दाखवणारा मीटर होता त्यांच्याकडे, पण तो गॅस भरण्यापुरता. एरवी खिळ्याला टांगलेला.

मी गप्प बसले त्याच्या दीड वर्ष आधीची गोष्ट. दुपारी त्यांचा पाना परत द्यायला मी शेडमध्ये गेले. भाऊजी एका गाडीवर वाकलेले, उजवा हात आत, आणि तोंडानं गाडीवाल्याशी गप्पा चाललेल्या. मला करपल्याचा वास आला. रबर जळतंय वाटलं मला. बघते तर त्यांचं बोट गरम पाइपाला चिकटलेलं आणि हे खुशाल बोलतायत!

"भाऊजी! बोट!" मी ओरडले.

त्यांनी हात बाहेर काढला आणि बोटाकडे असं बघितलं, जसं काही ते दुसऱ्याच कुणाचं आहे. मोठा फोड आला होता. त्यांनी शांतपणे खिशातलं फडकं गुंडाळलं. गाडीवाला गेल्यावर मी त्यांना फैलावर घेतलं तेव्हा कुठे तोंड उघडलं. "पायांपासून सुरू झालं, वहिनी. आता हातात आलंय. डॉक्टर म्हणतात साखरेनं नसा खाल्ल्या."

"मग आता? परत येईल ना?"

"गोळ्या चालू आहेत," ते म्हणाले. आता हे काय माझ्या प्रश्नाचं उत्तर झालं का? पण मला कळायचं ते कळलं. मग ते म्हणाले, "वहिनी, गल्लीत कुणाला..."

"रेडिओ बंद," मी म्हटलं. आणि खरंच सांगते, देवाशपथ, मी ते कुणाजवळ बोलले नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. मीच ती झाकून धरली.

त्यानंतर भाऊजी पाइपाला गाल लावायला लागले. गिऱ्हाइकांना वाटायचं, कान लावून मशीनचं मन ऐकतायत. लोक आणखीच भारावून जायचे. मी आपली दुकानातून बघायची, आणि गालावर लाल डाग उठलेले मला दिसायचे. एकदा मी चिडून म्हटलं, "कशाला ही नाटकं? सरळ मीटर लावा की! मीटर काय खोटं बोलतो?"

"काचेच्या गॅरेजात माझ्या मीटरपेक्षा मोठा मीटर आहे," ते म्हणाले. "लोक इथे येतात ते हातासाठी. मी मीटर लावला की लोक तिकडेच जातील, तिथे निदान बसायला सोफा आहे."

मी तणतणत परत माझ्या सुईकडे आले.

भाऊजींची बायको लेकीच्या लहानपणीच गेली होती. लेक त्यांनी या शेडमध्येच वाढवली. माझ्या दुकानातल्या फोमच्या ढिगावर ती झोपायची. मोठी झाली, लग्न झालं. जावई ड्रायव्हर, स्वतःची गाडी. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात, पण हा ग्रह गरीब होता हो. सासऱ्यासमोर पायावर पाय टाकून बसायचा नाही. त्याची गाडी एका दवाखान्याकडे लावलेली होती. आठवड्यातून तीनदा ज्यांना उपचारांना यावं लागतं अशा म्हाताऱ्या पेशंटांना घरून आणायचं आणि परत सोडायचं. त्या एका कामावर त्यांचं अख्खं घर चाललं होतं, आणि लेकीला सहावा महिना होता.

एका सोमवारी सकाळी जावईबापू गाडी घेऊन आले. उन्हाळा असा की पत्र्यावर पाणी टाकलं तर चर्र व्हावं, आणि हवा कोरडी ठणठणीत. एसी गरम वारा टाकत होता. "बाबा, शनिवारी दवाखान्याची तपासणी आहे," तो म्हणाला. "सगळ्या गाड्या ओळीनं उभ्या करतात आणि एसीच्या जाळीत थर्मामीटर घालतात. गार नसेल तर गाडी यादीतून बाद. दुसरे दहाजण टपून बसलेत."

"शनिवार लांब आहे," भाऊजी म्हणाले. "बसा. पाणी प्या."

मीही गेले बघायला. त्याच्या मागच्या सीटची शिवण उसवली होती, तीही तपासणीआधी करून द्यायची होती. शेडमध्ये दोन टॅक्सीवाले आपापल्या नंबरसाठी थांबले होते आणि समोरचा, गाड्यांचे सुटे भाग विकणारा स्पेअरवाला बिड्या ओढत उभा होता. म्हणजे प्रेक्षक भरपूर. भाऊजींनी बोनेट उघडलं. ती गाडी छोटी, इंजिन ठासून भरलेलं. पाइप असे खोल, मागच्या कोपऱ्यात, की तिथे हात जाईल पण तोंड जाणार नाही. गाल लावायची सोयच नव्हती. एरवी पावसाळी दमट हवा असती तर जाड पाइपाला घाम सुटलेला डोळ्यांना दिसला असता. त्या कोरड्या हवेत तोही सुटत नव्हता.

भाऊजींनी हात आत घातला. बराच वेळ ठेवला. इकडून धर, तिकडून धर. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. कपाळाला घाम आला होता, आणि तो उन्हाचा नव्हता.

"दोन्ही सारखेच लागतायत," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "कंप्रेसर गेला."

"अरेरे," स्पेअरवाला म्हणाला. टॅक्सीवाल्यांनी माना डोलावल्या. थंडोबा म्हणतोय म्हणजे गेलाच.

"नक्की ना बाबा?" जावयानं विचारलं.

"तीस वर्षं काय झोपा काढल्या मी?" भाऊजी म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

ते हात पुसायला मागे वळले आणि मी काय केलं, तर माझा हात त्याच जागी आत घातला. का घातला, सांगता येणार नाही. माझा हात सुईचा. छोटा आहे, कुठेही शिरतो. बारीक पाइपाला बोट लागलं आणि चटका बसला. मग जाड पाइप धरला. गार होता. फ्रीजमधून आत्ता काढलेल्या बाटलीसारखा गारेगार.

मशीन ठणठणीत होती. बिघाड दुसरीकडेच होता, एखाद्या झडपेत, काहीतरी फुटकळ.

आणि मी, जी रस्त्यावरून जाणाऱ्या अनोळखी माणसाला सुद्धा त्याच्या टायरमध्ये हवा कमी असल्याचं ओरडून सांगते, ती मी गप्प बसले. त्या चार माणसांसमोर, त्यांच्या जावयासमोर, मी कशी म्हणणार होते, भाऊजी, तुमच्या हाताला कळलं नाही म्हणून? मूठ उघडी पडली असती. हात बाहेर काढला, पदराला पुसला आणि म्हटलं, "सीट उद्या घेऊन या, जावईबापू." बस. एवढंच आलं तोंडातून.

तुम्ही म्हणाल, मग नंतर एकटं गाठून सांगायचं. संध्याकाळी गेले होते ना मी! तोंड उघडणार तोच ते म्हणाले, "वहिनी, स्पेअरवाला माझ्या हाताकडे टक लावून बघत होता. त्याला काही कळलं असेल का?" इतकं केविलवाणं विचारलं त्यांनी! "छे हो," मी म्हटलं, "तो तर बिडीचा धूर बघत असतो." मग घरी जाताना मनाची समजूत घातली: मी सीट शिवणारी बाई, मला काय कळतंय मशीनमधलं? कदाचित गार असूनही कंप्रेसर जात असेल. तीस वर्षांचा अनुभव त्यांचा. खोटं बोलायला माणसाला दुसरं कुणी लागत नाही, स्वतःलाच सांगितलं की पुरतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कंप्रेसर गाडीतून बाहेर आला होता आणि गॅस उडून गेला होता. आता बोलून काय उपयोग, असं म्हणून मी सुई चालवत राहिले.

जुन्या गाड्यांच्या बाजारातून दुसरा कंप्रेसर यायला बुधवार उजाडला. गुरुवारी तो बसला. गॅस भरताना मीटर लावला, तर काटे अगदी जिथे हवेत तिथे. एसी चालू केला, आणि आत जाळीतून तोच गरम वारा. भाऊजी मीटरकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मीटर गंडलाय." शुक्रवारी गॅस काढून परत भरला. पंखा बदलला. जाळी धुतली. ज्या माणसानं जन्मभर स्वस्त रोग आधी शोधला तो उलट्या टोकानं सुरुवात करून आता खाली उतरत होता, आणि डॅशबोर्डमागच्या झडपेपर्यंत पोचायच्या आत दिवस संपला. माणूस एकदा बावचळला की बावचळतोच. जुना कंप्रेसर मात्र त्यांनी या वेळी फोडून दाखवला नाही. गोणपाटात गुंडाळून बाकड्याखाली सरकवला.

शनिवारी दुपारी जावईबापू आले. गाडी बंद केली, खाली उतरले. "बाबा, यादीतून काढली," एवढंच म्हणाले. वर आणखी, "तुम्ही खूप मेहनत घेतलीत," असंही म्हणाले. त्यापेक्षा चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांच्या जागी त्याच दिवशी दुसरी गाडी लागली.

सोमवारी जावईबापूंनी गाडी काचेच्या गॅरेजात नेली. गाडी विकायची म्हटलं तरी एसी चालायला हवा ना. तिथल्या इस्त्रीच्या शर्टवाल्या पोरानं पाव तासात सांगितलं: डॅशबोर्डमागे गरम आणि गार हवा मिसळणारी एक झडप असते, तिची तार क्लिपमधून निसटलीय; तुमचा कंप्रेसर उत्तम, आधीचाही उत्तमच असणार. क्लिप दाबली आणि गाडीत बर्फ पडायचा बाकी राहिला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

ही बातमी गल्लीत आणली ती स्पेअरवाल्यानं. आणि नुसती आणली नाही, वर मसाला घातला. "थंडोबानं जावयालासुद्धा सोडलं नाही. जुन्या बाजारवाल्याकडून कमिशन खाल्लं असणार. नाहीतर इतकी वर्षं न चुकलेला माणूस नेमका असाच चुकतो होय?" टॅक्सीवाले हसले. दोन दिवसांत सगळ्या गल्लीनं ठरवून टाकलं, म्हातारपणी थंडोबा लबाड झाला. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, ते असं.

माझं डोकं फिरलं. मी कात्री घेऊनच निघाले होते स्पेअरवाल्याच्या दुकानाकडे. भाऊजींनी मला शेडच्या दारात अडवलं.

"बोलू देत," ते म्हणाले.

"बोलू देत? तुम्हाला चोर म्हणतोय तो! मी आत्ता सांगते सगळ्यांना की..."

"काय सांगाल? हात मेलाय म्हणून?" ते बाकड्यावर बसले. "वहिनी, लबाड मेकॅनिककडे लोक येतात. घासाघीस करतात, डोळ्यांत तेल घालून उभे राहतात, पण येतात. सगळी गल्ली लबाडांवरच चालली आहे. मेलेल्या हाताच्या मेकॅनिककडे कोण येईल? मला लबाडच राहू द्या."

मी कात्री खाली ठेवली. रडू आलं मला, रागानंच आलं. हा माणूस तीस वर्षं नेकीनं जगला आणि आता पोटासाठी चोर म्हणवून घ्यायला तयार झाला होता, आणि त्यातही हिशेब बरोबर होता त्याचा!

पण गिऱ्हाइकाचं एक झालं. लेकीचं काय?

ती गुरुवारी आली. चालत, एकटी, त्या उन्हात, पोटावर हात ठेवून. मी तिला दुकानात बसवायला गेले तर म्हणाली, "नको काकू, आधी बाबा." आणि सरळ शेडमध्ये गेली. मीही मागोमाग गेले. भाऊजी उठून उभे राहिले.

"गल्ली म्हणते ते खरं का बाबा?" तिनं विचारलं. "हे काही बोलत नाहीत. मला म्हणाले, बाबांना विचारायचं नाही. पण मला झोप लागत नाही. तुम्ही कमिशन घेतलंत?"

भाऊजी फडक्यानं हात पुसत राहिले. हात स्वच्छच होते.

"हो," ते म्हणाले. "घेतलं."

पोरीच्या तोंडाकडे बघवेना. ती नुसती बाकड्याच्या कडेला टेकली. मग म्हणाली, "माझ्याच घराचं? बाबा, तुम्ही मला सांगितलं असतं तर आम्ही तुम्हाला काय कमी केलं असतं?" आणि मग माझ्याकडे वळली. "काकू, तुम्ही शेजारीच होता ना त्या दिवशी. तुम्ही सांगा. माझ्या बापानं असं मुद्दाम केलं?"

भाऊजी माझ्याकडे बघत होते. डोळ्यांनी विनवत होते, बोलू नका. दीड वर्ष मी तेच केलं होतं. पण लेकीसमोर चोर? तेही न केलेल्या चोरीबद्दल? नाही हो, माझ्यानं झालं नाही.

"नाही गं बाई," मी म्हटलं. "कमिशन नाही, बिमिशन नाही. त्यांच्या बोटांना काही कळत नाही. दीड वर्ष झालं. गरम कळत नाही, गार कळत नाही. त्या दिवशी पाइप धरला पण त्यांना तो लागलाच नाही. त्यांनी अंदाज केला, आणि तो चुकला. मुद्दाम नाही." आणि बोलायला लागले की मला थांबता येत नाही, तर त्या ओघात पुढचंही निघून गेलं. "मी स्वतः हात लावला होता मागून. जाड पाइप गार होता. मी बोलायला हवं होतं."

लेक बापाकडे बघत होती, पण बाप तिच्याकडे बघत नव्हता. ते माझ्याकडे बघत होते.

"गार होता?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली.

"किती गार?"

असं विचारलं त्यांनी, जसं एखादा जन्मगावाहून आलेल्या माणसाला तिथली खबर विचारतो. मी सांगितलं, फ्रीजमधल्या बाटलीसारखा. आणि बारीक पाइप? बारीक चटका बसेल इतका गरम. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि दोन बोटं हवेत धरली, मध्ये पाइप असल्यासारखी. "म्हणजे मशीन सुरेख चालली होती," ते म्हणाले. "गॅस पण पुरा होता. झडप. झडपच ती. पोरगंसुद्धा सांगेल." मग डोळे उघडले. "हे तुम्हाला सोमवारी सकाळीच माहीत होतं."

"हो."

"शनिवारच्या आधी पाच दिवस."

"तुमची मूठ झाकलेली राहावी म्हणून, भाऊजी. त्या लोकांसमोर कशी बोलणार होते मी?"

"त्या लोकांसमोर नाही," ते म्हणाले. "पण संध्याकाळी आला होता ना तुम्ही. मी एकटा होतो."

मी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्याच्या पाया पडायला तयार झाले होते. "भाऊजी," मी म्हटलं, "झालं ते झालं. तुम्ही शेड बंद करू नका. इथून पुढे पाइपाला हात मी लावत जाईन. तुम्ही विचारायचं, मी सांगायचं, गार का गरम, कमी का जास्त. डोकं तुमचं, हात माझा. कुणाला कळणारही नाही. माझ्या हाताला कळतं हो, विश्वास ठेवा."

ते माझ्या हाताकडे बघत होते. मला वाटलं, मानतायत.

"तुमच्या हातावर विश्वास आहे, वहिनी," ते म्हणाले. "तोंडावर नाही."

रागानं म्हणाले असते तर मी भांडले असते. पण ते नेहमीच्याच आवाजात म्हणाले, गिऱ्हाइकाला गळती कुठे आहे ते दाखवताना बोलतात तसं. मग त्यांनी खिळ्यावरचा मीटर काढून पेटीत ठेवला आणि पेटीला कडी घातली.

"चल बाबा, घरी," लेक म्हणाली. लहानपणी ती त्यांना असं एकेरी बोलायची. ती उठली, त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि तिनं त्यांचा उजवा हात आपल्या हातात धरला, घट्ट, दोन्ही हातांनी. भाऊजी समोर रस्त्याकडे बघत तसेच उभे होते.

"चला ना," ती म्हणाली.

तेव्हा त्यांनी खाली बघितलं, आणि तिनं हात धरलाय हे त्यांना दिसलं.